निळ्या उजेडातले शौकीन

कुत्रा पाळणारा माणूस पँटवरच्या केसांवरून ओळखू येतो, कुंड्यांत बाग करणारा नखांतल्या मातीवरून. घरात समुद्र पाळणारा ओळखायचा असेल तर दिवेलागणीनंतर त्याच्या घरावरून चक्कर मारावी लागते. सगळी आळी पिवळ्या-पांढऱ्या उजेडात जेवत असते आणि एकाच खिडकीतून जांभळट निळा उजेड बाहेरच्या हिरवळीवर सांडलेला असतो. अमेरिकेत अशा घराबद्दल शेजाऱ्यांना पहिला संशय येतो तो गांजाच्या लागवडीचा. दुसरा संशय यायची वाट कुणी बघत नाही.

आपल्या पिढीला निळ्या दिव्याचा एकच अर्थ ठाऊक होता: गुमान झोपा. रेल्वेच्या स्लीपर डब्यात कुणीतरी बटण दाबायचं, वर निळा दिवा लागायचा आणि पुऱ्या-भाजीचा डबा गुंडाळून माणसं आडवी व्हायची. शास्त्र मात्र उलटं सांगतं. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा असतात की त्यांना निळा उजेड लागला की त्या मेंदूला ‘दिवस उजाडला’ असा निरोप धाडतात. रेल्वेचा दिवा मिणमिणता होता म्हणून आपण कर्जत ते सोलापूर झोपलो. प्रवाळांच्या टाकीवरचा दिवा मिणमिणता नसतो. प्रवाळं पाळणारी माणसं रात्री एक वाजता ताजीतवानी दिसतात ती यामुळेच.

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. एडिसन म्हटल्यावर तो काय करतो हे वेगळं सांगायला नको. त्याच्या वस्तीतल्या बाकीच्या मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये कुणाचं होम थिएटर आहे, कुणाचा बार आहे, कुणाकडे वर्षानुवर्षांची गणपतीची मखरं रचून ठेवली आहेत. भाच्याच्या बेसमेंटमध्ये प्रशांत महासागर आहे. एकशेवीस गॅलनचा, म्हणजे साधारण साडेचारशे लिटरचा. तो त्याला ‘रीफ टँक’ म्हणतो, भाचेसून ‘खालचं प्रकरण’ म्हणते. अमेरिकेत गाडी न चालवणाऱ्या पाहुण्याला वेळच वेळ असतो. त्यामुळे या खालच्या प्रकरणाचा मी कसून अभ्यास केला आणि माझं मत असं बनलं आहे की त्या टाकीवरचा निळा दिवा थोडासा प्रवाळांसाठी आहे आणि पुष्कळसा भाच्यासाठी.

माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, हे प्रकरण पहिल्यापासून पसंत नाही. तिचा आक्षेप ज्योतिषाचा आहे. पोवळं मंगळाचं, निळा रंग शनीचा, आणि त्या दोघांचं आपसांत पटत नाही हे लग्न जमवणाऱ्या कुणालाही विचारा. ‘एका टाकीत ठेवू नकोस रे दोघांना,’ ती पुण्याहून फोनवर सांगते. भाचा तिला समजावतो, की अंगठीतलं पोवळं वेगळ्या कुळातलं, भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढणारं, त्याला उजेडाशी देणंघेणं नाही. आपली टाकीतली प्रवाळं उन्हावर जगणारी आहेत. बहीण ऐकून घेते आणि विचारते, ‘साडेसाती कधी संपणार?’ भाचेसून क्रेडिट कार्डाचं बिल पुढे करते.

निळ्याच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी सांगून टाकतो, नाहीतर भाचा माझ्याशी बोलणं सोडेल. समुद्राचं पाणी उजेडातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-दहा मीटर खाली गेलं की लाल जवळपास संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. स्वच्छ पाण्यात सगळ्यात खोल पोचतो तो निळा. खोल पाण्यात पाणबुड्याचं बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. लाल दिसायला लाल किरण लागतात आणि ते वरच अडलेले असतात.

समुद्र मुळात निळा का, यावर लॉर्ड रॅलेसारख्या मोठ्या माणसाचं म्हणणं होतं की खोल समुद्राची निळाई पाण्याची नव्हेच, ते आभाळाचं प्रतिबिंब आहे. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीनं परत येत होते. भूमध्य समुद्राची निळाई बघून त्यांना हे उत्तर पटेना. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचं उपकरण होतं. त्यातून बघून त्यांनी पृष्ठभागावरचं प्रतिबिंब कापून टाकलं, तरी समुद्र निळाच, उलट जास्त निळा. बाकीचे प्रवासी डेकवर पत्ते कुटत असताना या गृहस्थांनी पाण्याचा रंग पाण्याचाच असल्याचा लेख लिहिला आणि बोट मुंबई बंदराला लागली तेव्हा तो ‘नेचर’कडे धाडला. मुंबईच्या समुद्रात उभं राहून समुद्राच्या निळाईवर लिहायला काय जिगर लागत असेल ते मुंबईकरांनाच कळेल. या नादातून पुढे २८ फेब्रुवारी १९२८चा ‘रामन परिणाम’ आला, १९३०चं नोबेल आलं. भाच्यानं टाकीशेजारच्या भिंतीवर रामन यांचा फोटो लावला आहे. निळ्या उजेडात रामन यांचा फेटा झकास दिसतो.

आता प्रवाळ. ते झाड नाही, दगड नाही, प्राणी आहे. आणि त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शेवाळ राहतं. हे शेवाळ उजेडावर साखर करतं आणि त्यातली बरीचशी प्रवाळाला देतं. (‘घरात कुणीतरी स्वयंपाक करतंय म्हणायचं,’ भाचेसून म्हणाली.) या शेवाळातली हरितद्रव्यं निळा उजेड फार आवडीनं खातात, विशेषतः ४३० ते ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा. नुसत्या निळ्या दिव्याखाली प्रवाळ जगतं, वाढतं. २००८च्या एका अभ्यासात तर दिसलं की काही जातींमध्ये अंगातली रंगद्रव्यं वाढवायचा हुकूमसुद्धा निळा उजेडच देतो. म्हणजे निळा दिवा निव्वळ थेर नव्हे. भाचा हे वाक्य मला दोनदा लिहायला सांगत होता. एकदा पुरे.

पण उजेड खाणारं शेवाळ दिसायला कसं असतं? तपकिरी. त्यामुळे निरोगी, खाऊनपिऊन सुखी प्रवाळही बहुतेक वेळा तपकिरीच. एका दुपारी दिव्याच्या साफसफाईसाठी भाच्यानं निळे चॅनेल बंद करून खोलीतला साधा दिवा लावला आणि मी प्रशांत महासागर पहिल्यांदा खरा पाहिला. पावसाळ्यात सोसायटीच्या कंपाउंडवर जे उगवतं आणि सेक्रेटरी ज्याबद्दल सर्क्युलर काढतो, तसंच सगळं. भाच्यानं घाईघाईनं निळा लावला. एका क्षणात पोपटी, नारिंगी, गुलाबी अशी दिवाळी पेटली.

ही दिवाळी म्हणजे प्रतिदीप्ती. प्रवाळाच्या अंगात काही प्रथिनं असतात, ती निळा किरण गिळतात आणि त्याच्या बदल्यात हिरवा, पिवळा, तांबडा असा कमी शक्तीचा किरण बाहेर टाकतात. पांढऱ्या उजेडातही ती हेच करत असतात, पण त्या गर्दीत त्यांचं कुणाच्या लक्षात येत नाही. बाकीचे रंग बंद केले की मग त्यांची मैफल रंगते. ही गंमत लोकांना तिकीट लावून दाखवणारा माणूस म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ रने काताला. त्यानं बायकोच्या साथीनं १९५६ मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ इथं मत्स्यालय उघडलं, खोल पाण्यातली मळकट प्रवाळं आणून अंधाऱ्या दालनात जंबुपार दिव्याखाली ठेवली आणि ती पेटून उठली. माझ्या हिशेबी आजच्या सगळ्या निळ्या बेसमेंटांचा मूळ पुरुष हाच.

चमकणाऱ्या प्रथिनांची वंशावळ मात्र जेलीफिशपासून सुरू होते. ओसामु शिमोमुरा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला, उन्हाळेच्या उन्हाळे जेलीफिश पकडण्यात घालवले. बायको-मुलंही जाळी घेऊन सोबत. हजारो जेलीफिश पिळून त्यांना हिरवं प्रथिन मिळालं. १९६२ मध्ये त्याची नोंद झाली, २००८ मध्ये शिमोमुरांना मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासोबत नोबेल मिळालं. १९९९ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी याच घराण्यातली प्रथिनं प्रवाळ आणि त्यांच्या नातेवाइकांत शोधली, त्यात एक तांबडं होतं. आणि ते सापडलं कुठल्या जीवात? मत्स्यालयवाले ज्याला ‘मशरूम’ म्हणतात आणि नवशिक्याला पहिल्यांदा जे गळ्यात मारतात, त्यात. हे कळल्यापासून भाचा मशरूमकडे बोट दाखवून ‘याचा कॅन्सर रिसर्चमध्ये उपयोग होतो’ असं पाहुण्यांना सांगतो. खरंच होतो. पण त्याच्या टाकीतल्या मशरूमचा होत नाही.

प्रवाळ चमकतं कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत अजून भवति न भवति चालू आहे. उथळ पाण्यात उन्हापासून बचाव व्हावा म्हणून, असा एक पक्ष. खोल पाण्यात शेवाळाला उपयोगी पडेल असा किरण बनवून द्यावा म्हणून, असा दुसरा. २०२२ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या मंडळींनी तिसरी बाजू दाखवली: खोल पाण्यात ही चमक बघून बारीक प्लवंग प्रवाळाकडे खेचले जातात आणि त्याच्या तोंडी पडतात. मला हा तिसरा पक्ष एकदम पटला. चमक बघून खेचला गेलेला आणि तोंडी पडलेला एक जीव माझ्या डोळ्यांसमोर ऑफिसचा टी-शर्ट घालून उभा होता.

दिव्यांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. एलईडीच्या आधी मेटल हॅलाइडचे दिवे असायचे, अडीचशे-चारशे वॉटचे. त्यांच्यावर केल्विनचे आकडे: दहा हजार, चौदा हजार, वीस हजार. आकडा जितका मोठा तितका दिवा निळा. आपल्या देवघरातला पिवळा बल्ब बिचारा सत्तावीसशेचा. हे दिवे इतके तापायचे की पाणी गार ठेवायला वेगळं यंत्र घ्यावं लागे. म्हणजे एक यंत्र पाणी तापवणार, दुसरं गार करणार, आणि दोघांची वीज एकच माणूस भरणार. त्यात कुठल्या कंपनीचा वीस हजार खरोखर किती निळा, याचा पत्ता नसे. पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठातले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक संजय जोशी यांनी हे दिवे एकामागून एक यंत्राखाली धरून त्यांचे वर्णपट मोजले आणि शौकिनांसमोर मांडले. सगळं जग अवाक होऊन निळ्याकडे बघत असताना ‘थांबा, आधी मोजू’ म्हणणारा माणूस आडनावानं जोशी निघावा, याचा मला फार आनंद झाला.

मग आला निळा एलईडी. लाल आणि हिरवा कधीच तयार होते, निळा जमत नव्हता. शुजी नाकामुरा जपानमधल्या एका छोट्या गावातल्या कंपनीत नोकरीला होते. त्यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी करून दाखवला. कंपनीनं खूश होऊन त्यांना बक्षीस दिलं म्हणतात ते वीस हजार येन. तेवढ्यात जेमतेम चांगलं जेवण व्हावं. नाकामुरा कोर्टात गेले, २००४ मध्ये कोर्टानं दोनशे कोटी नव्हे, दोन हजार कोटी येन द्या म्हटलं, आणि पुढच्या वर्षी चौऱ्याऐंशी कोटींवर तडजोड झाली. २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासोबत मिळालं. आज भाच्याच्या टाकीवर तीन दिवे टांगले आहेत, एकेक आठ-नऊशे डॉलरचा. निळा दिवा शोधणाऱ्याला मिळाले त्यापेक्षा तो टांगणाऱ्याचे पैसे जास्त गेले आहेत, असं भाचेसुनेचं गणित आहे. कोर्टाची तडजोड ती धरत नाही.

एलईडीबरोबर ॲप आलं आणि इथून खरी मौज सुरू झाली. एकेक रंगाची वेगळी पट्टी: रॉयल ब्लू, ब्लू, व्हायोलेट, यूव्ही, पांढरा, आणि लाज वाटू नये म्हणून कोपऱ्यात थोडा लाल, थोडा हिरवा. भाच्याच्या टाकीत सूर्य सकाळी साडेदहाला उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. पॅसिफिकमध्ये असं का होत असावं, हे विचारायची गरज नाही. भाचा ऑफिसातून सातला येतो. अख्खा समुद्र त्याच्या शिफ्टप्रमाणे चालतो. दिव्यात ढग येण्याची सोय आहे, चांदणं आहे, वादळाचा कार्यक्रम आहे, त्यात विजासुद्धा चमकतात. आपल्याकडे पावसात वीज जाते, इथं माणसं पैसे मोजून ती आणतात.

चांदण्याची मी थट्टा करणार होतो, पण ती करता येत नाही. चंद्राच्या उजेडातल्या निळ्या किरणांची जाणीव प्रवाळाला असते आणि समुद्रात पौर्णिमेच्या आगेमागे एका ठरावीक रात्री हजारो वसाहती एकदम बीजं सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी दिव्यांनीच सूर्य, चंद्र आणि ऋतू उभे करून टाकीतल्या प्रवाळांची ती रात्र हवी तेव्हा घडवून आणली. नामशेष व्हायला टेकलेली प्रवाळं वाढवायला हे तंत्र आता उपयोगी पडतं. तेव्हा चांदण्याला माफ. वादळाच्या विजांना मात्र कुठल्याही शोधनिबंधाचा आधार नाही.

निळ्या उजेडाची एक खोडी आहे. माणसाचा डोळा सगळ्यात तीक्ष्ण बघतो तो ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पोपटी हिरव्याला. साडेचारशेच्या निळ्याला तो जवळजवळ ढ आहे. त्यामुळे निळा दिवा पूर्ण जोरात असला तरी आपल्याला वाटतं, ‘अंधुकच आहे.’ नवखा शौकीन पट्टी वर सरकवतो. अजून अंधुक. अजून वर. आठवड्याभरात प्रवाळ आपलं शेवाळ हाकलून देऊन पांढरंफटक पडतं. म्हणून जाणते लोक डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, ‘पार मीटर’ नावाचं उजेड मोजणारं यंत्र पाण्यात बुडवतात. नरम प्रवाळांना शंभरच्या आसपास पुरे, ॲक्रोपोरासारख्या कडक जातींना दोनशे ते चारशे. विषुववृत्तावर भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हाच आकडा दोन हजारांच्या घरात असतो. पार मीटर महाग असल्यामुळे क्लबात एकच असतो आणि तो घरोघर फिरतो. तो आपल्या घरी यायच्या दिवशी भाचा सुटी काढतो.

दुसरी खोडी कपड्यांची. कपडे धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात. जांभळा आणि जंबुपार किरण पडला की ती निळसर पेटतात, प्रवाळांसारखीच. म्हणून भाच्याच्या बेसमेंटमध्ये पाहुणा शिरला की आधी त्याचा बनियन दिसतो, मग दात, आणि मग सावकाश बाकीचा पाहुणा. एकदा तिथं सहा-सात मराठी इंजिनिअर उभे होते. अंधारात सहा-सात बनियन किमयागारांसारख्या गंभीर आवाजात फॉस्फेटवर चर्चा करत होते.

त्यात सगळ्यांच्या नाकावर नारिंगी चष्मे. निळा उजेड गाळला की चमक जास्त खुलते, म्हणून हे चष्मे. मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही नारिंगी भिंग लावावं लागतं, कारण कॅमेरा निळ्यापुढे हात टेकतो. ते लावायचं विसरून काढलेला फोटो भाचा घाईत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. फोटोत निळ्याशार अंधारात एक-दोन उजळ ठिपके असतात. लगेच मावशीचा निरोप येतो, ‘खूप सुंदर! बाप्पा दिसत नाहीयेत नीट.’ आत्या मोरया टाकते. काका दोन्ही हात जोडतात.

पण हे सगळं घरगुती झालं. निळ्या दिव्याचा खरा पराक्रम बाजारात दिसतो. प्रवाळाचा तुकडा मोडून लावला की तो वाढतो, म्हणून हा सगळा व्यापार तुकड्यांचा. त्याला ‘फ्रॅग’ म्हणतात, बोटाच्या पेराएवढा असतो आणि त्याला नाव असतं. होमरेकर. जॉब्रेकर. अटर केऑस. होली ग्रेल. वॉल्ट डिस्ने. यांतल्या नामवंत तुकड्यांना शेकड्यांनी डॉलर पडतात, काही जातींचे तर मोहरीएवढ्या तोंडांवर मोजून. बायकोला न सांगता ज्याच्यावर पैसे घालवायचे त्याचं नाव होमरेकर, म्हणजे घरफोड्या, ठेवायचा प्रामाणिकपणा फक्त याच धंद्यात असावा.

भाचा मला रीफापलूझा नावाच्या जत्रेला घेऊन गेला. भलंमोठं सभागृह, शेकडो टेबलं, टेबलागणिक उथळ टाक्या आणि त्यांवर निळा म्हणजे निळाच उजेड. पांढरा दिवा औषधाला नाही. प्रत्येक तुकडा दागिन्यासारखा पेटलेला. भाचा एका पोपटी-गुलाबी तुकड्यापुढे श्वास रोखून उभा. आमच्याबरोबर भाचेसून होती. तिला प्रवाळातलं काही कळत नाही, पण तिचं माहेर दादरचं आहे. साडी घेणारी दादरची बाई दुकानातल्या दिव्यावर कधी विश्वास ठेवत नाही. ती साडी खांद्यावर टाकते, आरशात बघते, आणि मग विक्रेत्याला घेऊन दुकानाच्या पायरीवर येते, पदर उन्हात धरते. ‘दादा, आत मोरपंखी दिसत होती. ही तर शेवाळी आहे.’ भाचेसुनेनं त्या टेबलावरच्या दाढीवाल्या अमेरिकनाला अत्यंत गोड आवाजात विचारलं, हा तुकडा बाहेर उजेडात नेऊन बघता येईल का? दाढीवाला हसला. तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि टॉर्च लावला. तुकडा तपकिरी. तिनं भाच्याकडे पाहिलं. एका नजरेत तिनं दोनशे डॉलर वाचवले. शेजारच्या टेबलावर भाच्यानं ते घालवले, तेव्हा ती कॉफी आणायला गेली होती.

गाडीत आमचा वाद झाला.

‘मामा, तुला कळत नाही. समुद्रात असंच असतं. खाली सगळं निळंच.’

‘ॲक्रोपोरा किती खाली असते?’

‘असते... वेगवेगळ्या खोलीवर.’

‘तुझ्याच पुस्तकात आहे. कित्येक जाती दोन-चार मीटरवर, भर उन्हात. ओहोटीला काहींच्या डोक्यावर वीतभर पाणी राहत नाही.’

‘पण वाढतात ना निळ्यात!’

‘वाढतात. माझं एवढंच म्हणणं आहे, की थोडा पांढरा लावलास तर त्यांचं काही बिघडणार नाही. बिघडेल ते तुझं.’

तो वूडब्रिजपर्यंत बोलला नाही.

त्याचं दुखणं किती खोल गेलं आहे ते मागच्या भारतभेटीत कळलं. आम्ही त्याला मालवणला नेलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग करता येतं, उन्हातली खरीखुरी प्रवाळं दिसतात. आपल्या कोकणाला प्रवाळांचं वावडं नाही. विजयदुर्गच्या समोर, शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, तिथं पाण्याखाली प्रवाळांचं पठार आहे. मुंबईच्या गढूळ पाण्यातसुद्धा ती आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी-हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीनं दुसरीकडे हलवण्यात आली. मुंबईत प्रकल्पग्रस्तांचं पुनर्वसन शास्त्रज्ञांच्या मदतीनं झालं, असं उदाहरण माझ्या तरी ऐकण्यात हे एकच.

तर भाचा मालवणच्या पाण्यात उतरला. तोंडात नळी, डोळ्यांवर मुखवटा, पाठीवर दुपारचं ऊन. बऱ्याच वेळानं बोटीवर चढला. चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय रे, दिसली नाहीत?

‘दिसली ना. पण मामा, यांनी पांढरा फारच ठेवलाय.’

बोटवाल्यानं अरबी समुद्राकडे पाहिलं. पट्टी कुठं आहे ते त्याला सापडेना.

मालवणात एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे ही सगळी २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावरचा मोडका तुकडासुद्धा आठवण म्हणून पिशवीत टाकू नये.

आणि न्यू जर्सीत, ठाण्यात किंवा आणखी कुठं कुणी ‘या ना, टाकी बघायला’ असं बोलावलं तर जरूर जा, बघण्यासारखं असतंच. जाताना जेवून जा, कारण एकदा खाली गेलेला यजमान वर येत नाही. चष्मा देतील तो लावा. तुकडा विकत घ्यायचा मोह झाला तर आधी पांढरा दिवा लावायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला तर पाकीट खिशातच राहू द्या. आणि शर्टाच्या आत रंगीत बनियन घाला.